पहिली गाडी, तीन लाख आणि पंचगंगेचं पाणी: कोल्हापुरातल्या एका खरेदीचं प्रकरण

एप्रिल २०२५. घेणारा पंचवीस वर्षांचा, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, राहायला शुक्रवार पेठेत. घरात आजवर दोन मोटरसायकली झाल्या, चारचाकी ही पहिलीच. आईचे गुडघे दुखतात, तिला जोतिबाला न्यायचं आणि पावसाळ्यात कामावर कोरडं पोचायचं, एवढीच गरज. हातात तीन लाख: बचतीचे १,१०,०००, भिशी लागली ते ९०,००० आणि पतसंस्थेचं कर्ज १,००,०००. शोरूममधल्या नव्या गाडीचा हप्ता पगाराला झेपणार नाही हे त्यानं एका संध्याकाळी कागदावर मांडून पाहिलं आणि तो विषय तिथंच संपवला.

(हे कुणा एकाचं चरित्र नव्हे. कोल्हापुरात जुनी गाडी घेताना जे वारंवार घडतं ते एका व्यवहारात बसवलं आहे. रकमा ज्या-त्या कामाला साधारण लागतात तेवढ्याच धरल्या आहेत.)

गाडीआधी कर्जाचं बोलू, कारण पहिली चूक तिथंच झाली होती. पतसंस्थेत ‘बारा टक्के’ असं ऐकून त्यानं सही केली. ते बारा टक्के फ्लॅट निघाले. एक लाखावर दोन वर्षांचं व्याज २४,००० आणि महिन्याचा हप्ता ५,१६७. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, पण व्याज शेवटपर्यंत पुऱ्या लाखावरच चालू राहतं. घटत्या शिलकीच्या हिशोबात हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. खरोखरचे घटते बारा टक्के असते तर हप्ता ४,७०७ आणि एकूण व्याज तेरा हजारांच्या आत बसलं असतं. विचारायचा प्रश्न एकच: “व्याज घटत्या शिलकीवर लागतं का?” उत्तर देताना समोरचा चाचरला, तर समजून जायचं.

वेळ मात्र त्यानं बरोबर साधली. पाडव्याला लोक नव्या गाड्या उचलतात आणि एक्स्चेंजमध्ये आलेल्या जुन्या गाड्या पुढचे दोन-तीन आठवडे बाजारात पडून असतात. त्यांना घासाघीस चालते.

पहिली गाडी: २०१८ ची स्विफ्ट, भाव ३ लाख १०

हायवेलगतच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडं ती उभी होती. पेट्रोल, एमएच ०९ पासिंग, मीटरवर ४२,००० किलोमीटर. तशाच स्विफ्टचा बाजारभाव तेव्हा सव्वाचार लाखांच्या पुढं होता. मग ही लाखभर स्वस्त का? व्यापाऱ्याकडं उत्तर तयार होतं. “डॉक्टरांची गाडी हाय भावा, सिंगल हँड. त्यास्नी मोठी घ्यायची हाय म्हणून काढत्यात. कंडिशनला नाद करायचा न्हाई.”

गाडी चकचकीत होती. नवी सीट कव्हर, नव्या जाड मॅट, आरशाला टांगलेला परफ्यूम आणि डॅशबोर्डवर कापराच्या दोन वड्या. सात वर्षांच्या गाडीत आतलं एवढं सगळं एकदम नवं दिसलं, तर त्याखाली काय आहे ते आधी बघायचं. कोल्हापुरात तर हमखास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली होती. धोक्याची पातळी ४३ ची. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्क, रमणमळा या भागांत पाणी शिरलं आणि ते काही तासांत ओसरलं नाही, दिवसच्या दिवस थांबलं. शिरोलीजवळ हायवेच बंद झाल्यानं गाड्या बाहेर काढायलाही वाट उरली नाही. त्या पाण्यात बसलेल्या गाड्या सगळ्याच भंगारात गेल्या नाहीत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. अशी गाडी लिलावात निघते, कुणी घेतो, धुतो, सुकवतो आणि ती परत रस्त्यावर येते. आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) याची खूण राहीलच असं नाही.

उद्यमनगरातून सोबत आलेल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हर शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, “बेल्ट ओढ. पाक शेवटपर्यंत.”

सीटबेल्टचं रीळ खांबाच्या बुडाशी, पत्र्याच्या आत असतं. गाडी धुणारा बेल्टचा बाहेर दिसणारा भाग शॅम्पूनं धुतो, रिळावरचे आतले वेढे कुणी उलगडत नाही. इथं शेवटचा दीड-दोन फूट पट्टा मातकट निघाला आणि त्यावर आडवी, काठ फुटलेली डागाची रेघ दिसली. नखानं खरवडल्यावर बोटाला बारीक गाळ लागला. मागच्या सीटचा बेल्ट बघितला, तिथंही तेच.

त्यानंतरचं सगळं खात्रीसाठी होतं. सीट पुढं सरकवली तर रुळांचे बोल्ट गंजलेले, पण त्यांच्या डोक्यांवर पान्याचे ताजे ओरखडे, म्हणजे सीट निघाली होती. मॅट आणि गालिचाखालचा फोम कडक होऊन चुरा व्हायला आलेला. स्टेपनीच्या खड्ड्यात रबरी बुचाभोवती गाळाचं कडं. डाव्या पायाशी, डॅशबोर्डच्या खाली वायरींचे कनेक्टर असतात. त्यांतला एक सोडवला तर पिना हिरव्या. तांबं पाण्यात राहिलं की हा हिरवा क्षार धरतो आणि एकदा धरला की आतल्या आत वाढतच जातो. हेडलाइट दोन्ही नवे वाटत होते, पण काचेवरच्या उत्पादनाच्या तारखा जुळत नव्हत्या.

शेवटची तपासणी डॅशबोर्डवरच्या दिव्यांची. चावी ‘ऑन’ केली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. या गाडीत तो लागलाच नाही. लागून राहिला असता तर बिघाड दिसला असता. अजिबात न लागणं त्याहून वाईट, कारण दिवाच काढून टाकला असण्याची शक्यता असते. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, फ्लोअरच्या उंचीवर बसवलेलं असतं. पाणी आत शिरलं की बुडणाऱ्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक भागांत ते येतं. स्विफ्टच्या या पिढीला दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या मॉडेलांत होते. म्हणजे खरेदीदार ज्या दोन गोष्टींचे पैसे मोजणार, नेमक्या त्यांचाच भरवसा नाही.

इंजिन मात्र सुरेख चालत होतं. नवखा माणूस इथंच फसतो. बुडालेल्या गाडीचं इंजिन खोलून, तेल बदलून चांगलं करता येतं. वायरिंग तसं करता येत नाही. पहिलं वर्ष गाडी गुणानं वागते. मग एखाद्या पावसात पॉवर विंडो आपोआप खाली जाते, स्टीअरिंग जड होतं, गाडी भर चौकात बंद पडते आणि दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजवाले एकेक सेन्सर बदलत राहतात आणि प्रत्येक बिल तीन ते सात हजारांचं.

व्यापाऱ्यानं लगेच भाव २ लाख ८० वर आणला. मिस्त्री काही न बोलता बाहेर जाऊन उभे राहिले.

दुसरी गाडी: २०१४ ची वॅगन आर

निवृत्त शिक्षकांची, सानेगुरुजी वसाहतीतली. पेट्रोल, व्हीएक्सआय, ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं के-टेन इंजिन, मीटरवर ७१,२००. मागणी २ लाख ६५. मीटर खरं का, हे सर्व्हिसच्या जुन्या बिलांवरून दिसलं. २०२१ च्या बिलावर ६६,२०० होते. चार वर्षांत पाच हजार, म्हणजे गाडी बहुतेक दारातच उभी. पेडलचं रबर आणि स्टीअरिंगची झीजही त्याला धरूनच होती. कमी पळालेली गाडी म्हणजे उत्तम गाडी असा एक समज आहे. उभ्या गाडीचेही रोग असतात: टायर वयानं कडक होतात, बॅटरी मरते आणि गाडी अधिकृत वर्कशॉपला न जाता कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाते. हे तिसरं कारण इथं पुढं महागात पडलं.

फोनवरच सांगून ठेवलं होतं, “सर, आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवू नका.” पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला, थंड होतं. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही: सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, पहिल्या सेकंदांतली खडखड म्हणजे टायमिंग चेनकडं किंवा ऑइल प्रेशरकडं बघा. इथं दोन्ही नव्हतं. तीन सिलिंडरचं इंजिन आयडलला थोडं थरथरतं, तो दोष नव्हे. स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, घेतलं: १७२, १७०, १६६ पीएसआय. आकडा किती यापेक्षा तिघांत फरक किती हे महत्त्वाचं, आणि तो दहा टक्क्यांच्या आत पाहिजे.

बॉडीला रंगाची जाडी मोजणारा पेंट गेज लावला. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. डाव्या मागच्या दारावर ३४० आला, म्हणजे लांबी (पुट्टी) भरून पेंट केलेलं. सरांनी विचारायच्या आधीच सांगितलं होतं, गेटला घासली होती. ते चालतं. अपघात शोधायचा तर दार नव्हे, चेसिसच्या पुढच्या दोन ‘दांड्या’ आणि एप्रनवरचे (बॉनेटखालच्या बाजूच्या पत्र्यावरचे) स्पॉट वेल्ड बघायचे. कंपनीचे टाके एका ओळीत, सारख्या अंतरावर असतात. गॅस वेल्डिंगची जाड शिवण दिसली की गाडी समोरून ठोकलेली. इथं टाके मूळचे होते.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘१११७’ म्हणजे २०१७ चा अकरावा आठवडा. चारही टायर त्याच काळातले. नक्षी भरपूर शिल्लक, पण कडेला केसाएवढ्या भेगा. आठ वर्षांचा टायर नक्षीवर मोजायचा नाही. चारही बदलायचे, हे भाव करतानाच धरलं. बॅटरी बंद गाडीवर १२.१ व्होल्ट, सुरू केल्यावर १४.१. म्हणजे अल्टरनेटर ठीक, बॅटरी संपत आलेली.

ट्रायलला शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रस्त्यानं केर्लीमार्गे वाघबीळपर्यंत. पंधरा किलोमीटरच्या आसपास सपाट रस्ता, मग घाट. कोल्हापूरकराला गाडी तपासायला यापेक्षा चांगली जागा नाही. चढाला एसी चालू ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनचे फेरे वाढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट गेली. इथं गाडीनं ओढलं. उताराला ब्रेक मारला तर गाडी किंचित डावीकडं ओढत होती. मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण तोडून गोल फिरवली, टक-टक नाही, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचे सांधे शाबूत. गतिरोधकावरून पुढून ‘धप्प’ असा आवाज आला: पुढच्या सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड झिजलेले.

इथंच तपासणीत एक भोक राहिलं. कूलंटच्या बाटलीत हिरवं किंवा निळं काही नव्हतं, तांबूस पाणी होतं. मिस्त्रींनी बघितलं आणि म्हणाले, “सर्व्हिसला बदलून टाकू.” स्कॅनर लावला होता तो फॉल्ट कोड बघायला. कोड एकही नव्हता. चालत्या गाडीतलं पाण्याचं तापमान त्याच स्कॅनरवर दिसत होतं, पण ते कुणी बघितलं नाही. तांबूस पाणी दिसल्यावर ‘हे इथं का आलं’ हा प्रश्न राहून गेला.

भाव २,३८,००० ला तुटला. टायर, बॅटरी, बुश यांचा अंदाज लेखी समोर ठेवला होता, त्यामुळं घासाघीस दहा मिनिटांत संपली. सर म्हणाले, “बाळ, गाडी चांगल्या घरी जाते आहे, एवढं पुरे.” इसार ११,००० दिला आणि पावती घेतली.

कागदांचं

परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला तर दोन गोष्टी निघाल्या. दोन ई-चलनं बाकी होती. ती सरांनी भरली, कारण चलन बाकी असलं की ट्रान्सफरचा अर्ज अडतो. दुसरी जड होती. आरसीवर अजून बँकेचा बोजा होता. कर्ज २०१९ ला फिटलं, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कुणी आरटीओत दिलाच नव्हता. बँकेची तेव्हाची एनओसी (ना-हरकत पत्र) कुठं ठेवली ते सरांना आठवेना. नवी एनओसी, बँकेच्या सही-शिक्क्याचे फॉर्म ३५ दोन प्रती, अर्ज आणि फी, यात अठरा दिवस गेले. तेवढे दिवस गाडी सरांच्याच दारात आणि ११,००० सोडून सगळे पैसे खरेदीदाराच्याच खात्यात. “गाडी घेऊन जा, कागद होतील सावकाश” असं सरांनी दोनदा म्हटलं, अगदी मनापासून. तरी न्यायची नव्हती, आणि ते सरांच्याच भल्याचं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हे साफ केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार, मग गाडी त्यानं कितीही हातांना विकलेली असो.

बोजा उतरल्याचं पोर्टलवर दिसलं त्याच दिवशी उरलेले पैसे बँकेतून दिले. त्याच वेळी मालकी बदलायच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या. सोबत आरसी, विमा, पीयूसी, दोघांचं आधार-पॅन आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. कायद्यानं राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ५०० च्या स्टॅम्पवर एक ताबा-पावती केली: तारीख, ताब्याची वेळ तास-मिनिटांत आणि मीटरचा आकडा. सकाळी साडेअकरानंतरचं चलन कुणाचं, हा वाद त्यामुळं उरत नाही.

निपाणी-चिकोडीकडच्या केए २३ पासिंगच्या गाड्या कोल्हापुरात स्वस्त मिळतात, म्हणून इथं एक वाक्य. बारा महिन्यांहून जास्त महाराष्ट्रात ठेवायची तर इथलं रजिस्ट्रेशन घ्यावं लागतं, तिथली एनओसी आणि इथला टॅक्स दोन्ही. तो खर्च भावात धरल्यावर स्वस्ताई बहुतेक वेळा उरत नाही.

विम्यात बहुतेकांची फसगत होते. खरेदीदाराला वाटलं, पॉलिसी गाडीबरोबर आली. थर्ड पार्टीचा भाग येतोच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग नावावर करून घेतल्याशिवाय लागू होत नाही, आणि त्यासाठी कंपनीला १४ दिवसांत कळवायचं. शिवाय सरांना ५० टक्के नो क्लेम बोनस होता. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. सर तो पत्र घेऊन पुढच्या गाडीवर तीन वर्षांत वापरू शकतात आणि घेणाऱ्याला उरलेल्या मुदतीचा फरक भरावा लागतो. इथं चार महिने उरले होते, फरक आणि फी जीएसटीसह १,३१८ झाली. एक गोष्ट मात्र खिशाला बरी झाली. इंजिन ९९८ सीसी, म्हणजे हजारच्या आत, त्यामुळं थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता २,०९४ च्या गटात. स्विफ्टचं ११९७ सीसी असतं तर ३,४१६.

घेतल्यावरचा खर्च

चार टायर, अलाइनमेंट-बॅलन्सिंग धरून १५,३००. बॅटरी ४,२००. तेल, फिल्टर, तीन प्लग, ब्रेक फ्लुइड आणि कूलंट ५,४००. ब्रेकची साफसफाई, बुश आणि लिंक रॉड ४,६००, त्यात डावीकडं ओढणंही गेलं (पुढचा कॅलिपर अडकत होता). ट्रान्सफर आणि कागद २,४००. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते, ती ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे ८७९. विम्याचा फरक १,३१८ आणि ऑगस्टच्या नूतनीकरणासाठी बाजूला काढलेले ७,८००. बेरीज ४१,८९७. गाडीसह २,७९,८९७. तीन लाखांतले २०,१०३ उरले.

तीन लाख खिशात असताना तीन लाखांची गाडी बघायला जाणाऱ्यांचं गणित इथं चुकतं. अकरा वर्षांच्या गाडीला किमतीच्या पंधरा-अठरा टक्के पहिल्या महिन्यात लागतात, गाडी कितीही चांगली असली तरी.

नव्या टायरांवर अंबाबाईला आणि मग जोतिबाला जाऊन आले, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर नारळ. चाकांचे नट मात्र पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा आवळायचे असतात, ते टायरवाल्यानं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यातलं दुखणं

गाडी तेराचं ॲव्हरेज देऊ लागली. टाकी फुल करून दोनदा मोजलं, तेच. या गाडीनं गाव आणि हायवे मिळून सतरा-अठरा द्यायला पाहिजे. कुणी इंजेक्टर साफ करायला सांगितलं, कुणी प्लग बदल म्हणालं (प्लग नवेच होते).

या वेळी मिस्त्रींनी स्कॅनर लावून कागलपर्यंत हायवेनं नेली आणि पडद्यावर फक्त एक आकडा बघितला: कूलंटचं तापमान. गरम झालेल्या इंजिनात तो ८५ ते ९५ अंशांवर स्थिर राहतो. इथं ७० च्या वर चढेना. सिग्नलला थांबली की ८८, पळायला लागली की परत ६९. म्हणजे थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला, नाहीतर मुळात जागेवरच नाही. थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत काही नव्हतं. पूर्वी कुणीतरी व्हॉल्व्ह काढून टाकून गॅस्केट परत बसवलं होतं.

थर्मोस्टॅटचं काम साधं असतं. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ द्यायचं नाही. तो नसला की पाणी कायम फिरत राहतं, इंजिन पुरतं तापत नाही, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून थंड आहे आणि ते जास्त पेट्रोल सोडत राहतं. ॲव्हरेज गेलं ते इथं.

पण काढला का? उत्तर त्या तांबूस पाण्यात होतं. गाडीत वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलं जात होतं. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसले, गाडी तापू लागली आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजात रेडिएटर बदलायच्या ऐवजी थर्मोस्टॅट काढून तापणं थांबवलं गेलं. सरांना बहुधा “किरकोळ होतं, केलं” एवढंच सांगितलं असणार. आता नुसता नवा थर्मोस्टॅट बसवला असता तर तुंबलेल्या रेडिएटरमुळं गाडी पहिल्याच घाटात तापली असती आणि हेड गॅस्केट गेलं असतं. म्हणून दोन्ही एकदम: रेडिएटर ३,९००, थर्मोस्टॅट ९००, कॅप २५०, कूलंट ७००, मजुरी ८००. एकूण ६,५५०. पहिल्या सर्व्हिसला भरलेलं कूलंट वाया गेलं.

त्यानंतर ॲव्हरेज १७ वर आलं. महिन्याला ६०० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ च्या भावानं धरलं तर तेराला ४,८४६ रुपये लागतात आणि सतराला ३,७०६. फरक १,१४०, म्हणजे दुरुस्ती सहा महिन्यांत फिटते. वाघबीळला जाताना पडद्यावर तो एक आकडा बघितला असता तर हेच साडेसहा हजार सरांशी भाव करताना कमी करून घेता आले असते.

शिल्लक १३,५५३. ती गाडीच्याच नावानं ठेवली आहे, कारण पुढं पावसाळा आहे आणि घर शुक्रवार पेठेत. या वयाच्या गाडीला इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन कंपन्या सहसा देत नाहीत, त्यामुळं पाणी इंजिनात गेलं तर खर्च स्वतःचाच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा पातळी, आणि त्याच संध्याकाळी गाडी विद्यापीठाच्या बाजूला, उंचावर, मामांच्या दारात लावायची. ४३ ची वाट बघायची नाही, तोवर गल्ल्यांत आणि रस्त्यावर गर्दी होते. एवढं करूनही चाकाच्या निम्म्याच्या वर पाणी लागलंच तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि चावी लावायचीच नाही. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. टोइंगला सांगून गाडी जशी आहे तशी उद्यमनगरला न्यायची, आणि मिस्त्रींचा फोन नंबर आईच्याही मोबाइलमध्ये घालून ठेवायचा.